वाचकांचे प्रश्न : क्लेमंट ॲटली, मजूर पक्ष आणि आपण

गेल्या अंकात याच पानावर ब्रिटनमधील १९४५ च्या सार्वत्रिक निवडणुकीवर एक टिपण आले होते. युद्ध जिंकून देणारे विन्स्टन चर्चिल त्या निवडणुकीत हरले आणि ६४० पैकी ३९३ जागा जिंकून मजूर पक्षाचे क्लेमंट ॲटली पंतप्रधान झाले, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांत निवडणुकीबद्दल फारसे कोणी विचारलेले नाही. बहुतेकांना ॲटली या माणसाबद्दलच जाणून घ्यायचे आहे, आणि काही पत्रांत रागही आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण पान त्यांच्यासाठी ठेवले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

एका सधन वकिलाचा मुलगा, ऑक्सफर्डचा पदवीधर, मजूर पक्षात गेला कसा? ही केवळ राजकीय सोय होती का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

सोय म्हणता येणार नाही, कारण १९०८ साली मजूर पक्षाशी संलग्न असलेल्या इंडिपेंडंट लेबर पार्टीत शिरणाऱ्या बॅरिस्टरला तेथून मिळण्यासारखे काहीच नव्हते. ॲटली यांचा जन्म ३ जानेवारी १८८३ रोजी लंडनजवळच्या पुटनी येथे झाला. वडील सॉलिसिटर होते आणि आठ भावंडांत ॲटली सातवे. ते ज्या हेलीबरी शाळेत शिकले, तिच्या इमारतींमध्ये पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचे महाविद्यालय भरत असे आणि हिंदुस्थानात येणारे मुलकी अधिकारी तेथेच तयार होत. पुढे ऑक्सफर्डला इतिहासाची पदवी घेऊन १९०६ मध्ये ते बॅरिस्टर झाले, पण वकिलीत त्यांचे मन रमले नाही. तरुणपणी त्यांची मते चक्क हुजूर पक्षाकडे झुकणारी होती.

बदल घडला तो लंडनच्या पूर्व भागातील स्टेपनीत. त्यांच्या शाळेच्या वतीने तेथील गरीब मुलांसाठी एक क्लब चालवला जात असे. १९०५ मध्ये ते तेथे स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले आणि १९०७ मध्ये व्यवस्थापक होऊन त्याच वस्तीत राहायला गेले. गोदीत रोजंदारीवर राबणारे हमाल, घरात बसून कवडीमोल मजुरीवर कपडे शिवणाऱ्या बायका, भाड्याच्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे हा त्यांचा रोजचा शेजार झाला. त्या काळातली त्यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. रस्त्यात भेटलेल्या एका लहान मुलीने त्यांना कुठे निघालात म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी घरी चहाला चाललो आहे असे सांगितले. त्यावर ती म्हणाली की, घरी चहाला काही आहे का ते बघायला मीसुद्धा घरीच चालले आहे. दानधर्माने हा प्रश्न सुटणार नाही, मदत हा गरिबाचा हक्क असला पाहिजे आणि तो हक्क कायद्यानेच मिळू शकतो, हे मत त्यांनी या वस्तीत बनवले आणि १९२० मध्ये समाजकार्यावरील आपल्या पुस्तकात सविस्तर मांडले. त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचे मूळ मला या मतात दिसते.

मधल्या काळात पहिले महायुद्ध झाले. ते गॅलिपोलीत लढले, १९१६ मध्ये मेसोपोटेमियात जखमी झाले आणि उपचारांसाठी आधी हिंदुस्थानात व मग इंग्लंडला पाठवले गेले. त्यांचे बंधू टॉम मात्र युद्धविरोधी होते आणि लष्करी सेवेला नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला. दोघांचे संबंध शेवटपर्यंत टिकून राहिले. युद्धानंतर ॲटली १९१९ मध्ये स्टेपनीचे महापौर झाले आणि १९२२ मध्ये शेजारच्या लाइमहाउस मतदारसंघातून खासदार झाले. १९३१ च्या निवडणुकीत मजूर पक्ष जवळजवळ बुडाला, तेव्हा त्यांची जागा अवघ्या ५५१ मतांनी वाचली. पक्षाचे मोठमोठे नेते त्या वर्षी घरी बसले आणि त्यामुळे ॲटली पुढच्या रांगेत आले. १९३५ मध्ये ते पक्षनेते झाले आणि पुढची २० वर्षे त्या पदावर राहिले.

आमच्या भागातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला, तेव्हा ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचेच सरकार होते ना? मग या पक्षाचे कौतुक आपण का करावे?
— एक वाचक, उलवे, नवी मुंबई

आपले म्हणणे खरे आहे. अक्कादेवीच्या माळावर आठ सत्याग्रही हुतात्मा झाले, त्या दिवशी रॅम्से मॅक्डोनल्ड पंतप्रधान होते आणि भारतमंत्री वेजवुड बेन हेही मजूर पक्षाचेच होते. ॲटली त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या सरकारात दाखल झाले होते. त्यांच्याकडे हिंदुस्थानचे खाते नव्हते आणि ते मंत्रिमंडळाचे सदस्यही नव्हते, पण सरकारात राहणाऱ्याला सामुदायिक जबाबदारी टाळता येत नाही. मिठाचा सत्याग्रह आणि त्यापाठोपाठ रायगड, ठाणे, नाशिक या पट्ट्यातील जंगल सत्याग्रह ज्या लाठ्या-गोळ्यांनी दडपले गेले, त्या चालवणारी यंत्रणा लंडनमधील मजूर सरकारला उत्तरदायी होती.

ॲटली यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडली पाहिजे. हिंदुस्थानच्या राज्यघटनेत सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या सायमन आयोगाचे जे सात सभासद होते, त्यांत मजूर पक्षाचे दोन होते. एक व्हर्नन हार्टशॉर्न आणि दुसरे ॲटली. एकही भारतीय सभासद नसलेला हा आयोग ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबईच्या बंदरात उतरला, तेव्हा त्याचे स्वागत हरताळाने झाले. १९३० च्या जूनमध्ये, म्हणजे चिरनेरच्या गोळीबाराआधी तीनच महिने, त्याचा अहवाल बाहेर आला. प्रांतांना अधिक स्वायत्तता द्यावी असे त्यात म्हटले होते, पण वसाहतीच्या स्वराज्याचा (डोमिनियन स्टेटसचा) त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. त्या एकमताच्या अहवालावर ॲटली यांचीही सही आहे.

तरीही आयोगाच्या या कामाने त्यांना घडवले असे मला वाटते. दोन दौऱ्यांत त्यांनी देश पाहिला, शेकडो साक्षी ऐकल्या आणि हिंदुस्थानच्या घटनात्मक प्रश्नाचा जितका अभ्यास केला, तितका पुढे पंतप्रधान झालेल्या दुसऱ्या कोणत्याही ब्रिटिश पुढाऱ्याने केलेला नव्हता. त्यानंतर पाच वर्षांतच त्यांची भूमिका पुढे सरकलेली दिसते. १९३५ चा भारत सरकार कायदा संसदेत आला, तेव्हा त्यात वसाहतीच्या स्वराज्याचे वचन नाही म्हणून त्यांनी विरोध केला. १९३० मध्ये ज्या मुद्द्यावर ते गप्प होते, त्याच मुद्द्यावर १९३५ मध्ये ते उभे राहिले. कौतुक करायचे की नाही हे आपण ठरवावे. पण निर्णय करताना दोन्ही वर्षे समोर ठेवावीत एवढीच विनंती.

बाबासाहेब आंबेडकर आणि ॲटली यांची कधी गाठ पडली होती का?
— एक वाचक, कळवा

२३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात बाबासाहेबांनी सायमन आयोगापुढे साक्ष दिली, म्हणजे ती ॲटली यांच्याही पुढे झाली. देशभर बहिष्कार असताना साक्ष दिल्याबद्दल बाबासाहेबांवर त्या वेळी टीका झाली. पण अस्पृश्य समाजाची बाजू सरकारी दप्तरात नोंदवण्याची संधी सोडायची नाही, ही त्यांची भूमिका होती, आणि ती मला योग्य वाटते. प्रौढ मताधिकार आणि राखीव जागा या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. आयोगाच्या अहवालाने संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा देऊ केल्या खऱ्या, पण उमेदवार लायक असल्याचा दाखला गव्हर्नरने द्यावा अशी अट घातली. ही अट राखीव जागेचा अर्थच काढून घेणारी होती.

दुसरा प्रसंग १९४६ चा आहे आणि तो ॲटली यांना शोभणारा नाही. सत्तांतराच्या बोलण्यांसाठी त्या वर्षी आलेल्या तीन ब्रिटिश मंत्र्यांच्या त्रिमंत्री योजनेने घटना समितीसाठी सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख असे तीनच गट मानले आणि अनुसूचित जातींना सर्वसाधारण गटात ढकलले. बाबासाहेबांनी ॲटली यांना पत्र लिहून विरोध नोंदवला. प्राथमिक फेरीत, जेथे फक्त अनुसूचित जातींचे मतदार मत देत होते, तेथे बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाचे उमेदवार पुढे होते आणि अंतिम फेरीत इतरांच्या मतांनी ते पडले, हा त्यांचा मुद्दा आकडेवारीवर आधारलेला होता. ॲटली यांनी अंतिम निकाल प्रमाण मानले आणि मागणी फेटाळली. त्या ऑक्टोबरात बाबासाहेब स्वतः लंडनला गेले, तरी निर्णय बदलला नाही. ज्या माणसाने १८ वर्षांपूर्वी पुण्यात समोर बसून हा प्रश्न ऐकला होता, त्याच्याकडून अधिक समजुतीची अपेक्षा होती.

चले जाव चळवळीच्या वेळी ॲटली कोठे होते?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वाशी

ते चर्चिल यांच्या संयुक्त सरकारात उपपंतप्रधान होते. ऑगस्ट १९४२ च्या पहिल्या आठवड्यात चर्चिल कैरोला गेलेले असल्यामुळे लंडनमध्ये युद्धमंत्रिमंडळाचे अध्यक्षस्थान ॲटली यांच्याकडे होते. म्हणजे ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत गांधीजींना व काँग्रेस कार्यकारिणीला अटक झाली, तिला ज्या मंत्रिमंडळाची संमती होती, त्याच्या प्रमुखाच्या खुर्चीत ॲटली बसलेले होते. त्यानंतर ठाण्याच्या कारागृहासह ठिकठिकाणचे तुरुंग भरले. आपल्याकडच्या पुस्तकांत या अटकांचा सारा दोष चर्चिल यांच्या माथी मारला जातो, तो अपुरा आहे.

याच वर्षीच्या फेब्रुवारीत मात्र त्यांनी मंत्रिमंडळाला एक टिपण सादर केले होते. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड डरहॅम यांनी बंडानंतर कॅनडाला स्वराज्याची वाट दाखवून जे केले, ते हिंदुस्थानात करू शकेल असा माणूस पाठवा, जुन्या पद्धतीने हा देश यापुढे हाताळता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्यातून मार्चमध्ये ब्रिटिश मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स वाटाघाटींसाठी आले आणि रिकाम्या हाताने परतले. फेब्रुवारीचे टिपण आणि ऑगस्टची अटक ही एकाच माणसाच्या सहा महिन्यांतील दोन कामे आहेत. युद्ध जिंकणे आधी, बाकी सारे नंतर, हा त्यांचा क्रम होता.

गांधीजींच्या चळवळीचा स्वातंत्र्याशी फारसा संबंध नव्हता, आझाद हिंद सेना आणि नाविकांचे बंड यामुळेच इंग्रज गेले, असे खुद्द ॲटली यांनी सांगितल्याचा संदेश व्हॉट्सॲपवर दर ऑगस्टमध्ये येतो. तो खरा आहे का?
— एक वाचक, ऐरोली

या संदेशाचा उगम ठाऊक आहे. ॲटली १९५६ मध्ये कोलकात्याला गेले असताना तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश पी. बी. चक्रवर्ती हे राज्याचे प्रभारी राज्यपाल होते आणि ॲटली त्यांच्याकडे उतरले होते. त्या वेळच्या संभाषणाबद्दल चक्रवर्ती यांनी १९७६ मध्ये एका पत्रात लिहिले. त्यात ॲटली यांनी नेताजींच्या सेनेचा व नौदलातील असंतोषाचा उल्लेख केला आणि गांधीजींचा प्रभाव अत्यल्प ठरवला, असे म्हटले आहे. चक्रवर्ती खोटे लिहितील असे मानण्याचे कारण नाही. परंतु खासगी गप्पांची, २० वर्षांनी, एकाच्याच आठवणीतून आणि ॲटली यांच्या मृत्यूनंतर झालेली ही नोंद आहे. कोर्टात जेवढे वजन ऐकीव पुराव्याला, तेवढेच तिला द्यावे.

त्या वर्षीच्या घटनांचा क्रम मात्र कागदोपत्री पक्का आहे. मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावरील नाविकांनी १८ फेब्रुवारी १९४६ रोजी संप पुकारला आणि दुसऱ्याच दिवशी ॲटली यांनी तीन मंत्र्यांचे शिष्टमंडळ हिंदुस्थानात पाठवत असल्याची घोषणा संसदेत केली. या दोन तारखा शेजारी ठेवून पुष्कळ जण निष्कर्ष काढतात. पण शिष्टमंडळ पाठवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २२ जानेवारीलाच घेतला होता. म्हणून ती घोषणा नाविकांमुळे झाली असे म्हणता येत नाही. याचा अर्थ नाविकांचे धैर्य फुकट गेले असाही नाही. लष्कराच्या निष्ठेवर आता भिस्त ठेवता येणार नाही ही जाणीव आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील लाल किल्ल्यातील खटल्यांपासून वाढत गेली होती आणि मुंबईतील त्या दिवसांनी ती पक्की केली. मागे २५ वर्षांची जनचळवळ नसती, तर सैनिकांच्या मनातही ती ठिणगी पडली नसती. यातील एक कारण निवडून दुसरे पुसून टाकण्याची घाई मला पटत नाही.

माझे आजी-आजोबा १९४८ मध्ये कराचीहून बोटीने मुंबईला आणि तेथून कल्याणच्या छावणीत आले. आमच्या घरात माउंटबॅटन यांचे नाव अजून रागाने घेतले जाते. ॲटली पंतप्रधान होते, तर त्यांना कोणी काहीच का विचारत नाही? ही घाई कोणाची?
— एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

आपले पत्र मी अनेकदा वाचले. कल्याणजवळच्या ज्या लष्करी बराकींत आपले आजी-आजोबा उतरले, त्यांचेच पुढे उल्हासनगर झाले, आणि या जिल्ह्यातील हजारो घरांत हाच प्रश्न आहे. त्याला नीट उत्तर द्यायचे तर तारखा बारकाईने पाहाव्या लागतात.

१९४६ च्या अखेरीस व्हाइसरॉय वेव्हेल यांनी लंडनला एक योजना दिली होती. तीत ब्रिटिशांनी दक्षिणेकडून उत्तरेकडे, प्रांतामागून प्रांत सोडत टप्प्याटप्प्याने बाहेर पडावे असे सुचवले होते. ॲटली यांना ती हरलेल्या सैन्याची माघार वाटली. डिसेंबरच्या सुरुवातीला नेहरू, जिना, लियाकत अली आणि बलदेव सिंग यांना लंडनला बोलावून केलेली शेवटची बोलणी फसली आणि १८ डिसेंबरला ॲटली यांनी माउंटबॅटन यांना व्हाइसरॉयपद देऊ केले. पुढे २० फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी संसदेत जाहीर केले की, जून १९४८ च्या आत सत्ता भारतीयांच्या हाती दिली जाईल.

ही मुदत ॲटली यांची होती आणि ती देणे बरोबर होते असे माझे मत आहे. इंग्रज खरोखर जाणार यावर कोणाचाच विश्वास उरलेला नव्हता आणि तारीख जाहीर झाल्यावाचून तो बसणारही नव्हता. त्यामागे ब्रिटनची अगतिकताही होती. त्या हिवाळ्यात तेथे कोळसा संपत आला होता, वीज तोडली जात होती, कारखाने बंद पडून लाखो कामगार घरी बसले होते. युद्धकाळात हिंदुस्थानचेच सुमारे १३० कोटी पौंडांचे देणे ब्रिटनवर चढले होते. त्याच फेब्रुवारी महिन्यात पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवला गेला आणि ग्रीस व तुर्कस्तानचा भार उचलणे आता झेपत नाही असे अमेरिकेला कळवले गेले.

यानंतर जे झाले त्याचे समर्थन मात्र मला करता येत नाही. माउंटबॅटन २२ मार्चला दिल्लीत आले, ३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत त्यांनी १५ ऑगस्ट ही तारीख सांगून टाकली. जून १९४८ ची मुदत अशी दहा महिन्यांनी अलीकडे आली. लंडनच्या मंत्रिमंडळाने ती मान्य केली. विधेयक ४ जुलैला संसदेत मांडले गेले आणि १८ जुलैला त्याला राजाची संमतीही मिळाली. हिंदुस्थानात पूर्वी कधीही पाऊल न ठेवलेले ब्रिटिश वकील सिरिल रॅडक्लिफ ८ जुलैला आले आणि पाच आठवड्यांत त्यांना पंजाब व बंगाल यांच्या सीमा आखायच्या होत्या. आखलेली रेषा १७ ऑगस्टपर्यंत लोकांना दाखवलीच गेली नाही, म्हणजे स्वातंत्र्याचे दोन दिवस लक्षावधी लोकांना आपण कोणत्या देशात आहोत हे माहीत नव्हते. त्याच १७ ऑगस्टला ब्रिटिश सैन्याची पहिली तुकडी मुंबईच्या बंदरातून मायदेशी निघाली. पंजाबात माणसे कापली जात असताना उरलेल्या ब्रिटिश फौजांना दंगलीत हस्तक्षेप न करण्याचे आदेश होते, आणि सीमेसाठी उभारलेले विशेष दल महिनाभरातच मोडीत काढले गेले.

या सगळ्यात ठरवणारे अनेक होते. तारीख माउंटबॅटन यांनी अलीकडे आणली, ३ जूनची योजना नेहरू, पटेल आणि जिना यांनीही स्वीकारली, आणि दंगली करणारे हात इथल्याच माणसांचे होते. तरी देशाचा कारभार १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत ज्या सरकारच्या नावाने चालला, त्याचे प्रमुख ॲटली होते. मुदत अलीकडे आणायला होकार देताना पंजाबचे काय होईल, तेथे किती फौज लागेल, हा प्रश्न त्यांनी ठामपणे विचारायला हवा होता. चर्चा लांबवू न देता निर्णय करून टाकणारे अध्यक्ष म्हणून त्यांची ख्याती होती. त्या स्वभावाने एरवी त्यांच्या सरकारला बळ दिले, पण येथे त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

सिंधबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. पंजाब आणि बंगालसाठी निदान सीमा आयोग तरी नेमले गेले. सिंधचा निर्णय तेथील विधानसभेच्या मताने झाला आणि अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंच्या वाट्याला अर्धा जिल्हासुद्धा आला नाही. ऑगस्टमध्ये तेथे पंजाबसारखा हिंसाचार नव्हता आणि पुष्कळ कुटुंबे थांबून राहिली होती. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर बोटी भरभरून येऊ लागल्या, आणि आपले आजी-आजोबा बहुधा याच लाटेत आले असावेत. तोवर ॲटली यांच्या सरकारची येथील जबाबदारी कायद्याने संपलेली होती. घरात माउंटबॅटन यांचे नाव निघते, तेव्हा त्याच्या शेजारी ॲटली यांचे नाव ठेवणे इतिहासाला धरून होईल.

मी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली. इंग्लंडमध्ये सर्वांना मोफत उपचार मिळतात, ती योजना ॲटली यांची की बेव्हन यांची?
— निवृत्त परिचारिका, नेरूळ

राबवली ॲन्युरिन बेव्हन यांनी. पण बेव्हन यांना आरोग्यमंत्री नेमण्याचे धाडस ॲटली यांचे होते. वेल्सच्या कोळसा खाणीत लहानपणी काम केलेले बेव्हन पक्षातील बंडखोर म्हणून ओळखले जात आणि युद्धकाळात त्यांनी आपल्याच नेत्यांवर सडकून टीका केली होती. अशा माणसाला सर्वांत अवघड खाते देऊन ॲटली यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहणे पसंत केले. त्यांच्या मंत्रिमंडळात बेव्हन, परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन, हर्बर्ट मॉरिसन, क्रिप्स असे एकापेक्षा एक जबरदस्त आणि एकमेकांशी न पटणारे लोक होते. त्यांना वर्षानुवर्षे एका टेबलाशी बसवून काम करून घेणे हेच ॲटली यांचे कर्तृत्व.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. इंग्लंड आणि वेल्समधील २,६८८ रुग्णालये, काही धर्मादाय तर काही नगरपालिकांची, एका दिवसात सरकारी व्यवस्थेत आली. डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता. फेब्रुवारीत घेतलेल्या मतदानात सुमारे नऊ-दशांश डॉक्टर विरोधात गेले होते. बेव्हन यांनी तज्ज्ञ डॉक्टरांना रुग्णालयात राहूनही खासगी व्यवसाय करण्याची मुभा दिली आणि विरोध सैल झाला. पहिल्या वर्षभरात ५० लाखांहून अधिक चष्मे वाटले गेले. आपण बाह्यरुग्ण विभागात काम केले असेल, तर हा आकडा काय सांगतो ते आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. चष्म्यावाचून, कवळीवाचून, पोटातल्या गाठीवर उपचार न करता वर्षानुवर्षे दिवस काढणारी माणसे, त्यांतही संसारात राबणाऱ्या बायका, पहिल्यांदाच दवाखान्याची पायरी चढल्या. विमा योजनेत तोवर प्रामुख्याने कामावर असलेला कामगार येत असे, त्याची बायको आणि मुले येत नसत.

एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. हे सारे श्रीमंतीत झाले नाही. युद्धातही ज्या पावाचे शिधावाटप झाले नव्हते, ते १९४६ ते १९४८ या काळात करावे लागले, अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज काढावे लागले आणि १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले. आधी पैसा येऊ द्या, मग आरोग्याचे पाहू, असे त्या सरकारने म्हटले नाही. त्याच सरकारने जानेवारी १९४७ मध्ये अणुबॉम्ब बनवण्याचा निर्णय मोजक्या मंत्र्यांच्या बैठकीत गुप्तपणे घेतला, हेही सांगितले पाहिजे. पुढे कोरियन युद्धाचा खर्च वाढला, १९५१ च्या अर्थसंकल्पात चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क बसले आणि बेव्हन यांनी राजीनामा दिला. ॲटली त्या वेळी आतड्याच्या व्रणासाठी रुग्णालयात होते. ते बरे असते तर हा तंटा मिटला असता, असे मला वाटते.

इतके काम करूनही ते हरले कसे? आणि यांपैकी मूळ कागदपत्रे वाचायची तर सुरुवात कोठून करावी?
— दोन वाचक, घोडबंदर रोड व बेलापूर

१९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा जास्त मते मिळाली, जवळजवळ १ कोटी ३९ लाख. पण ती खाणींच्या आणि कारखान्यांच्या बालेकिल्ल्यांत साठून राहिली आणि जागा २९५ विरुद्ध ३२१ अशा कमी पडल्या. शिधापत्रिका, रांगा आणि घरांची टंचाई यांना लोक कंटाळले होते. ॲटली १९५५ पर्यंत पक्षनेते राहिले, नंतर उमरावांच्या सभागृहात गेले आणि ८ ऑक्टोबर १९६७ रोजी वारले. सहा वर्षे पंतप्रधान राहिलेल्या या माणसाच्या मागे ७,२९५ पौंडांची मालमत्ता निघाली.

मूळ कागदपत्रांसाठी ब्रिटिश सरकारने १९७० ते १९८३ या काळात प्रसिद्ध केलेले ‘द ट्रान्सफर ऑफ पॉवर’ हे सत्तांतराचे १२ खंड पाहावेत. तारा, टिपणे, बैठकींची इतिवृत्ते त्यांत तारीखवार लावलेली आहेत. सुरुवात नवव्या खंडापासून करावी. नोव्हेंबर १९४६ ते मार्च १९४७ हा काळ त्यात आहे, म्हणजे कोपरीच्या वाचकांना दिलेल्या उत्तरातील वेव्हेल यांची योजना, माउंटबॅटन यांची नेमणूक आणि २० फेब्रुवारीची घोषणा कशी घडत गेली हे मूळ पत्रांतच वाचता येईल. नाविकांच्या संपासाठी सहावा खंड आणि सीमा आयोगासाठी बारावा खंड पाहावा.